बाटलीतली हवा

मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण ३० ते ३५ पीएसआय असतो, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत तो शंभर-दीडशेपर्यंत जातो. पेंटबॉलच्या बंदुकीला लावतात त्या छोट्या बाटलीत मात्र तो ३,००० किंवा ४,५०० असतो. एका हातात मावणारी, लिटरभराची ही वस्तू. पूर्ण भरलेली असताना ती फुटली तर सुटणारी ऊर्जा एक टन वजन सहा-सात मीटर उंच उचलायला पुरेल.

हे आता सांगण्याचे कारण आहे. जुन्नर हा २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट पाहायला आलेली मंडळी आता जुन्नर-आंबेगावच्या शेतांवर मुक्कामही करतात. पुण्या-मुंबईजवळच्या रिसॉर्टमध्ये पेंटबॉल रुळला आहे, तेव्हा इकडे येणारे पाहुणेही तो मागणारच. खेळाला माझा विरोध नाही. मुले मोबाइल सोडून पळतात, हे मला डॉक्टर म्हणून आवडतेच. पण खेळाची चर्चा होते ती रंगाच्या गोळीची. बाटली कुठे भरली, कोणी भरली, हे कोणी विचारत नाही.

हवा दाबली की तापते. झडप एकदम उघडली तर तोंडाशी क्षणभर इतकी उष्णता निर्माण होते की तिथे तेलाचा थेंब असेल तर तो पेट घेऊ शकतो. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. म्हणून भरण्याच्या नळीला, जोडाला तेल-ग्रीस लावायचे नाही आणि बाटली सावकाश भरायची. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल सोडायची सवय आहे, ती इथे मोडावी लागेल. त्याहून घातक कल्पना म्हणजे हवेऐवजी ऑक्सिजन भरणे. करोनानंतर काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. त्यातून पेंटबॉलची बाटली कधीही भरू नये. दाबलेल्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंशही भडकतो.

दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात माळशेजच्या बाजूची हवा म्हणजे निम्मे ढगच. ३० अंशाला बाष्पाने भरलेली ३३० लिटर हवा घेतली, म्हणजे एक मोठी बाटली भरेल इतकी, तर तिच्यात सुमारे दहा ग्रॅम पाणी असते. कॉम्प्रेसरमधून ते वेळोवेळी सोडून दिले नाही, ओल शोषणारा फिल्टर बदलला नाही, तर ते बाटलीत जाते आणि पोलादी बाटली आतून गंजते. बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. म्हणूनच ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली चाचणी करायची असते. सिलिंडरांचे नियम २०१६ चे आहेत आणि ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. चाचणीची तारीख बाटलीवर असते. ती वाचायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर मुलांना दुसरा खेळ खेळू द्या.

हवेच्या शुद्धतेबद्दल मात्र उगाच घाबरवायला नको. पेंटबॉल खेळणारा बाटलीतली हवा श्वासात घेत नाही. धोका भरणाऱ्याला आहे. पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर पत्र्याच्या बंद खोलीत लावला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, माणूस ‘पित्त झाले’ म्हणून तिथेच आडवा होतो. करोनात घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: त्याला दोन्हींतला फरक कळत नाही आणि आकडा ९८ दाखवतो. आकडा न पाहता माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा.

तीच हवा कोणी श्वासासाठी वापरणार असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. तारकर्लीला पाण्याखाली जाणाऱ्याच्या पाठीवरची बाटलीही अशाच कॉम्प्रेसरवर भरतात, पण तिच्यासाठी युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत फक्त पाच भाग आहे. दहा मीटर खोलीवर त्याच हवेतल्या विषाचा परिणाम दुप्पट होतो. त्यामुळे खेळाच्या केंद्रावर भरलेली बाटली घेऊन विहिरीत कोणाला सोडवायला उतरू नये. आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. सुरुंगानंतर विहिरीत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड राहतात. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरची नळी आत सोडून हवा खेळवतात ते ठीक, पण कॉम्प्रेसर हवा ओढतो ते तोंड धुराच्या नळकांड्यापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला हवे. नायट्रोजनच्या वायूंचा त्रास तर काही तासांनी, रात्री धाप लागून दिसतो.

राहिली थट्टा. कॉम्प्रेसरची नळी कपडे झटकायला किंवा गंमत म्हणून मित्राच्या अंगाला लावणे. गुदद्वाराशी नळी नेल्याने आतडे फाटून मृत्यू झाल्याच्या बातम्या देशात पुन्हा पुन्हा येतात. कपड्यावरून सोडलेली हवाही आत जाऊ शकते, हे करणाऱ्याला ठाऊकच नसते. बोटात घुसलेल्या हवेची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते. भोवतालची त्वचा दाबली की कुरकुरते. चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवा.

आणि डोळा. गोळीचा वेग सेकंदाला तीनशे फुटांच्या आत ठेवायचा असतो, पण त्या वेगालाही डोळ्यात रक्तस्राव होतो, पडदा सुटतो. मुखवटा मैदानात शिरण्याआधी चढवायचा आणि बाहेर आल्यावरच काढायचा. घाम आला, काच धुरकटली म्हणून मध्येच उचलायचा नाही. गोळी लागलीच तर डोळा चोळू नये, धुऊ नये, घरातले थेंब टाकू नयेत. कागदी पेल्याचा तळ कापून डोळ्यावर हलकेच ठेवावा, बुबुळावर दाब येणार नाही असा चिकटवावा, आणि दुखणे कमी झाले तरी नेत्रतज्ज्ञ असेल त्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे.