परगांवीं राहून वाडा विकतांना

घर बांधणें कठीण, हें सर्वच जाणतात. परंतु घर विकणें त्याहून कठीण, आणि तें आठशें किलोमीटरांवर बसून विकणें तर फारच कठीण, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. आज सुशिक्षित कुटुंबांत असें कुटुंब क्वचितच सांपडेल कीं, ज्याचें मूळचें घर एका गांवीं आणि माणसें चार गांवीं विखुरलेलीं नाहींत. आमचा वाडा वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. मी थोरला, मुलाकडे नागपुरास. मधले बंधु इंदुरास. धाकटे बंधु अमेरिकेंत. आणि आमची बहीण, जिला घरांत लहानथोर सर्व ताई म्हणतात, ती पुण्यास. वडील गेल्यापासून वाड्यास कुलूप. तुळयांना वाळवी लागली, माडीवरचीं कौलें सरकलीं, घरपट्टीचीं बिलें उंबऱ्याच्या आंत पडून पिवळीं झालीं, आणि दर दिवाळीस फोनवर तोच प्रश्न निघे, "वाड्याचें काय करायचें?" बारा वर्षें हा प्रश्न असाच लोंबकळत राहिला. गेल्या वर्षीं तो एकदांचा सुटला. तो सोडवितांना जें शिकलों, आणि ज्या एका गोष्टीची मला लाज वाटली, तीं दोन्ही वाचकांपुढें ठेवावीं, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्या पूर्वजांची सावधगिरी

घर विकणें ही केवळ दोन माणसांमधील देवघेव नव्हे, हें आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वास्तुविक्रयाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत विकत घेण्याचा पहिला मान नातलगांस, मग शेजाऱ्यांस, मग धनकोंस, असा क्रम लावून दिला आहे. आणि आजूबाजूच्या चाळीस कुळांदेखत, त्या घराच्या समोर उभें राहून विक्रीची घोषणा करावी, असें सांगितलें आहे. मिताक्षरेंतहि जमीन हस्तांतरित होण्यास गांव, ज्ञाति, सामंत म्हणजे शेजारी, आणि दायाद यांची अनुमति, शिवाय सुवर्ण व उदक, अशीं सहा अंगें सांगितलीं आहेत. विज्ञानेश्वर त्यांचें कारणहि देतो: गांवाची संमति व्यवहार उघड व्हावा म्हणून, आणि शेजाऱ्यांची सीमेचा तंटा मिटावा म्हणून.

आजचा कायदा निराळ्या भाषेंत पुष्कळसें हेंच बोलतो. खरेदीदाराचा वकील वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतो, ती चाळीस कुळांसमोरची घोषणाच होय. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २२ व्या कलमानें सहवारसांस अग्रहक्क दिला आहे, तो ज्ञातींचा मान होय. भेद इतकाच कीं, पूर्वीं विकणारा स्वतः दारांत उभा असे. आज तो नागपुरास गच्चीवर बसून व्हिडिओ कॉलवर आपल्याच घराचें दार पाहत असतो. या अंतरामुळें जो धोका उत्पन्न होतो, त्याचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो.

कागदावर कोण आहे?

आम्हीं प्रथम किंमतीची चौकशी केली, ही पहिली चूक. प्रथम पाहावयाचें तें हें कीं, सरकारी दप्तरीं घर कोणाचें आहे. शहरांतील घरास मिळकत पत्रिका असते. ती आतां घरबसल्या संगणकावरून डिजिटल सहीसह मिळते. आमची मागविली, तों तीवर आजोबांचें नांव! आजोबा जाऊन पन्नास वर्षें लोटलीं. वांटणींत वाडा वडिलांकडे आला, त्यांनीं जन्मभर घरपट्टी भरली, पण पत्रिकेवर नांव लावून घेण्याचें कोणास सुचलें नाहीं. नगरपालिकेच्या पावत्यांवर वडिलांचें नांव होतें; परंतु घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. वांटणीचा कागद शोधणें, मृत्यूचे दाखले काढणें, नगर भूमापन कार्यालयांत वारसनोंदीचा अर्ज करणें, यांत सात महिने गेले. सात महिन्यांत दोन गिऱ्हाइकें आलीं आणि गेलीं. ज्यांचें घर गांवाकडे आहे त्यांनीं, विकावयाचें असो वा नसो, हें काम आजच करावें. हें सांगणाऱ्याच्या पदरीं अनुभव आहे.

ताईचा प्रश्न

आतां लाजेची गोष्ट. वारसनोंदीच्या वेळीं चार नांवें लागलीं. तेव्हां आम्हां तिघां भावांचें फोनवर असें ठरलें कीं, ताईकडून हक्कसोडपत्र घ्यावें म्हणजे सह्या कमी होतील. तिचें लग्न थाटानें झालें आहे, तिला कांहीं उणें नाहीं, ती नाहीं म्हणणार नाहीं, असें आम्ही धरून चाललों. मसुदा तयार करून मींच तिला पाठविला.

दोन दिवसांनीं तिचा फोन आला. आवाज शांत होता. ती म्हणाली, "दादा, मला पैसे नकोतच असतील कदाचित्. पण बाबांच्या शेवटच्या दुखण्यांत दर शनिवारीं पुण्याहून वाईला मी येत होतें. तेव्हां हक्क कोणाचा, हें तुम्हां तिघांपैकीं कोणीं विचारलें नाहीं. आतां सोडायचा म्हणून तरी विचारायचें होतें. तूं एकदम कागदच पाठविलास."

मला उत्तर सुचलें नाहीं. चाळीस वर्षें मुलांना नीतिपाठ शिकविलेला मी. पण घरच्या मुलीला विचारण्याचें भान मला राहिलें नव्हतें. कायद्यानें तर तिचा वांटा आमच्या बरोबरीचा. महाराष्ट्रानें १९९४ सालींच अविवाहित मुलींस वडिलार्जित मिळकतींत सहदायाद मानलें; २००५ च्या दुरुस्तीनें विवाहितांनाहि तो हक्क देशभर मिळाला; आणि तो जन्मसिद्ध आहे, त्या वेळीं वडील हयात असण्याची अट नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. परंतु मला जें टोंचलें तें कायद्याचें कलम नव्हे, तो शनिवार होता. मसुदा मीं त्याच रात्रीं फाडला आणि दोघां बंधूंना तसें कळविलें. मधल्या बंधूंनीं थोडी कुरकुर केली, धाकटे म्हणाले, "दादा, बरें झालें." चार समान वांटे ठरले.

मुखत्यार कोण?

इकडे एका मध्यस्थानें सुचविलें कीं, एवढ्या लांबून चौघांनीं कशाला यावें? त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांस सर्वाधिकारी कुलमुखत्यारपत्र द्यावें, म्हणजे विक्रीपासून पैसे घेण्यापर्यंत सर्व तेच पाहतील. खरें सांगावयाचें तर मी सही करण्याच्या बेतांत होतों. लांबचा प्रवास आतां सोसत नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे. त्यानें एकच प्रश्न केला: "सर, पैसे प्रथम कोणाच्या हातांत पडणार?" तेव्हां माझे डोळे उघडले. मुखत्यारानें अधिकाराच्या मर्यादेंत जें केलें तें आपणच केलें, असें कायदा मानतो. अधिकार अमर्याद असेल तर पुढें तक्रारीला जागा थोडीच उरते. शिवाय महाराष्ट्रांत आईबाप, भाऊ, बहीण, पति, पत्नी, मुलगी अशा निकटच्या आप्तांस विनामोबदला दिलेल्या विक्रीच्या मुखत्यारपत्रास अल्प मुद्रांक पुरतो. परक्यास दिल्यास खरेदीखताइतकें पूर्ण शुल्क पडतें. आणि केवळ मुखत्यारपत्र व करार यांवर घर 'विकण्याची' जी चाल होती, तिनें मालकी जात नाहीं, त्यासाठीं नोंदलेलें खरेदीखतच पाहिजे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे.

मग निकटचा आप्त कोण? वाईस तीन तासांच्या आंत पोंचूं शकणारें माणूस एकच होतें. जिच्याकडून आम्ही हक्क सोडवून घेणार होतों, तिच्याच दारीं आम्ही तिघे अधिकार घेऊन उभे राहिलों! मीं संकोचत विचारलें. ताई म्हणाली, "या खेपेस विचारलेंस ना? मग करीन."

पत्र आम्हीं विशेष स्वरूपाचें केलें: मिळकतीचा नगर भूमापन क्रमांक, चतुःसीमा, किमान किंमत, आणि पैसे ज्याच्या त्याच्याच बँकेच्या खात्यांत जमा व्हावे ही अट, सर्व त्यांत लिहिलें. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणें असें पत्र, देणारा जेथें राहतो तेथील दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करावें लागतें. म्हणून मीं नागपुरास केलें, बंधूंनीं इंदुरास. आजारी माणसाच्या घरीं येण्याचीहि कायद्यांत सोय आहे. धाकट्यांनीं अमेरिकेंत भारतीय वकिलातींत सही केली. असें पत्र भारतांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यास येथील मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. देणारा मरण पावतांच मुखत्यारपत्र सामान्यतः संपुष्टांत येतें. १८७२ च्या करार कायद्याचें २०१ वें कलम तसें सांगतें. साठेखत झालें आणि पंधराच दिवसांत मधल्या बंधूंना हृदयविकाराचा झटका आला. आठ दिवस ते अतिदक्षता विभागांत होते. त्या रात्रीं मला वाड्याचें कांहीं सुचलें नाहीं, हें खरें, पण ते बरे झाल्यावर त्यांनींच हसत म्हटलें, "दादा, मी गेलों असतों तर तुझा कागद फुकट गेला असता." थट्टाच ती, परंतु वयस्क भावंडांनीं साठेखत आणि खरेदीखत यांत अंतर थोडें ठेवावें, हें बरें.

किंमत आणि पैसा

दूर बसलेल्या माणसास किंमतीचा अंदाज येत नाहीं. कोणी सांगतो, "वाड्याला कोण विचारतो?" कोणी आकाशाला भिडेल असा आंकडा सांगतो. यावर उपाय दोन. शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता पाहावा. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्याच पेठेंत अलीकडे नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ पाहावी. शेजारचें घर कितीस नोंदलें गेलें, हें तींत दिसतें. आम्हांस मध्यस्थानें सांगितलेल्या आंकड्यापेक्षां बरीच जास्त किंमत आली, ती या सूचीमुळें.

एका गिऱ्हाइकानें कांहीं रक्कम रोख देऊं केली. ताईनें त्यास चहा पाजून निरोप दिला. स्थावराच्या व्यवहारांत २०,००० रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१५ पासून बंदी आहे. आणि बंदी नसती तरी, चार गांवच्या चार भावंडांत रोख रकमेचा हिशेब म्हणजे कलहाचें बीजच होय. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो. विकणारा परदेशस्थ असेल तर कपात पुष्कळच जास्त होते, म्हणून धाकट्यांनीं कमी कपातीच्या दाखल्यासाठीं आधींच अर्ज केला. जुन्या घराचें १ एप्रिल २००१ चें मूल्य मूळ किंमत म्हणून धरतां येतें. तें अधिकृत मूल्यमापकाकडून काढून घ्यावें. २३ जुलै २०२४ पूर्वींच्या घरांवर, भारतांत राहणाऱ्या विक्रेत्यास साडेबारा टक्के सरळ, किंवा महागाईचा हिशेब धरून वीस टक्के, यांपैकीं जो कर कमी पडेल तो देतां येतो.

वाडा रिकामा करतांना

कागदांचें काम वकील सांगतो. सामानाचें कोणी सांगत नाहीं. तांब्याचें घंगाळ, जातें, फडताळांतील पोथ्या, आजोबांची पंचांगें, आईच्या लोणच्याच्या बरण्या! ताई फोनवर एकेक वस्तु दाखवी आणि आम्ही तिघे तीन ठिकाणांहून "ठेव" किंवा "दे" म्हणत असूं. देव्हाऱ्यांतील टांक मधल्या बंधूंकडे गेले. पोथ्या एका संस्थेच्या स्वाधीन केल्या. तिला काय हवें, असें मीं विचारलें, तेव्हां तिनें फक्त आईचा पाटा-वरवंटा मागितला.

मग मला राहवेना. सर्व कामें नागपुरास बसून झालीं होतीं. तरी खरेदीखताच्या आदल्या दिवशीं मुलानें मला वाईस नेलें. ताई ओटीवर केर काढीत होती. उद्यां दुसऱ्याचें होणारें घर झाडावयास काय अडलें आहे, असें मीं म्हटलें. ती म्हणाली, "घाणेरडें घर कसें द्यायचें रे दुसऱ्याला?" आम्हीं दोघांनीं मिळून तुळशीपाशीं दिवा लावला, शेजारच्या काकूंकडे पिठलें-भात जेवलों, आणि दुसरे दिवशीं दुय्यम निबंधकासमोर तिनें चौघांच्या नांवें सह्या केल्या. मी बांकावर बसून पाहत होतों.

महिन्याभरानें तिचें टपाल आलें. वकिलाची फी, मुद्रांक, सफाई, मजुरी, सर्व खर्चाचा पैपैचा हिशेब, पावत्यांसह. मुखत्यारानें हिशेब द्यावा, असें कायदा सांगतो खरा. तिच्या वाईच्या अकरा फेऱ्यांचें भाडें मात्र त्यांत कोठें नव्हतें. मीं फोन करून विचारलें, तर म्हणाली, "पूर्वींच्या शनिवारांचें कुठें लावलें होतें?"

वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं असें कुलूपबंद घर आहे, त्यांनीं येत्या दिवाळीस सर्व भावंडें एकत्र बसवावीं. मिळकत पत्रिका पुढें ठेवावी, तीवर कोणाचें नांव आहे तें पाहावें, आणि कोणताहि मसुदा लिहिण्यापूर्वीं घरच्या मुलींना त्यांचें मत विचारावें. आम्हीं हें सर्वांत शेवटीं केलें. आपण सर्वांत आधीं करावें.