शिकणाऱ्या नातवंडांचा डॉक्टर

आपले एखादे नातवंड भुसावळात खोली करून शिकत असेल, किंवा रोज सकाळच्या गाडीने जळगावला अपडाऊन करत असेल, तर आजारी पडल्यावर ते कोणाकडे जाते हे आपणांस ठाऊक आहे काय? बहुधा नसते. खोलीवरचा मित्र ज्या दवाखान्यात नेईल, तेथील डॉक्टर हाच त्याचा डॉक्टर. असा एक डॉक्टर मीही आहे.

१९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील मुलांना उच्च शिक्षण जवळ आले. आज ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. यावल, रावेर, चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्यावरून मुले शहरांत येऊन राहू लागली. घरचा डॉक्टर मात्र गावीच राहिला. ज्याने आई-वडिलांना तपासले, कोणाला काय सोसत नाही हे ज्याला माहीत होते, तो आता त्यांच्याजवळ नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावचा विद्यार्थी एप्रिलात माझ्याकडे आला. पाय ठणकतात, म्हणाला. परीक्षेचे दिवस होते, बाकावर गर्दी होती. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या. आठवड्याने तो पुन्हा आला, मी पुन्हा त्याच दिल्या. तिसऱ्या खेपेस त्याच्या डोळ्यांत पिवळसर छटा दिसली, तेव्हा कोठे मी त्याला विचारले, "घरात आणखी कोणाला असे होते का?" त्याची धाकटी बहीण वारंवार आजारी पडून लहानपणीच गेली होती. रक्त तपासले, सिकलसेल निघाला. तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला अर्धे मिनिटही लागले नसते. उन्हाने आधीच पाणी कमी झालेल्या त्या शरीरात मी दोनदा मूत्रपिंडावर ताण आणणाऱ्या गोळ्या घातल्या, ही गोष्ट मला अजून बोचते.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य दुखतात. शरीरातील पाणी कमी होणे, ताप, अतिश्रम यांनी दुखणे उफाळते. भुसावळचा उन्हाळा आणि परीक्षेतील जागरण यांचा मेळ त्यामुळे फार वाईट. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे, म्हणजे महाविद्यालयीन मुले त्यात येतातच.

दवाखाना चांगला की वाईट, हे पुष्कळजण सलाईनवरून ठरवतात. मुलेही "सर, उद्या पेपर आहे, एक बाटली लावा" असा आग्रह धरतात. वाचकहो, अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाण्याखेरीज असते ते साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या थांबत नसतील, तोंडाने काही घेता येत नसेल, तर ती जीव वाचवते. एरवी जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घोळून पिणे पुरते. बाटली लावणे सोपे आहे, शिवाय त्याचे पैसेही मिळतात. ती का लावायची नाही हे समजावण्यात वेळ जातो. नातवाला बाटली न लावता ज्याने दहा मिनिटे बोलून परत पाठवले, त्या डॉक्टरवर रागावू नका.

आणखी एका गोष्टीचा राग येतो, तीही सांगतो. आपण सोबत आलात आणि डॉक्टरांनी आपणांस थोडा वेळ बाहेर थांबण्यास सांगितले, तर तो अपमान समजू नये. झोप लागत नाही, पेपर राहिला, जगावेसे वाटत नाही, ही वाक्ये आजोबांसमोर मुलांच्या तोंडून निघत नाहीत. अशा वेळी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येते. तो घरातील फोनजवळ लिहून ठेवावा.

आणि एक काम केवळ आपणच करू शकता. घरात कोणाला मधुमेह, दमा, मिरगी, सिकलसेल होता, कोण कोणत्या वयात गेले, नातवंडाला कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठते, हे एका कागदावर लिहून त्याच्या पाकिटात द्या. मुलांना यातले काही आठवत नाही, आपणांस मात्र तोंडपाठ असते. दवाखान्यातूनही चिठ्ठी घ्यायला त्यांना सांगा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टराने तीन वर्षे जपायच्या असतात, आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात.

त्या विद्यार्थ्याची आजी पुढच्या खेपेस सोबत आली होती. तिलाही मी आधी बाहेर बसवले, तिला ते मुळीच रुचले नाही. दहा मिनिटांनी आत बोलावले, तेव्हा ती तीन पिढ्यांची दुखणी सांगू लागली, आणि मी कागद पुढे ओढून लिहून घेऊ लागलो.