कुडलच्या तुळईवरचं साल

सोलापूरहून दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर सीना भीमेला मिळते. त्या संगमावर हत्तरसंग कुडल वसलं आहे, पलीकडे कर्नाटक. दक्षिण सोलापूर तालुक्याच्या या टोकाला चालुक्यकाळातली दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर.

संगमेश्वरात पाऊल टाकलं की आधी मान वर करावी. खांबांवर हस्त, हस्तांवर दगडी तुळया आणि तुळयांवर छत, असा भार खाली उतरत येतो. त्यातल्याच एका तुळईवर शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा लेख कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. अक्षरं जुन्या वळणाची; विजेरी बाजूने तिरपी धरली तर खाचांत सावली भरते आणि ती वाचता येतात. लेखाच्या अखेरीस, हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाची मराठी ओळ आहे.

मराठीचा आद्य शिलालेख कोणता, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 चा लेख कुडलच्याही आधीचा मानला जातो आणि श्रवणबेळगोळचं नाव तर शाळेपासून कानावर असतं. पण पहिल्या मानाच्या या चर्चेत कुडलचं खरं वैशिष्ट्य मागे पडतं. हा लेख शेतात सापडलेल्या सुट्या शिळेवर नाही, देवळाचा भार पेलणाऱ्या दगडावर आहे. शिवाय ज्या मुलखात राजसत्तेचे लेख मुख्यतः कन्नड आणि संस्कृतात कोरले जात, तिथे एका मराठी वाचकाला उद्देशून ही ओळ लिहिली गेली. हजार वर्षांपूर्वी या मंडपात तो वाचक येत होता, याचा याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरांतल्या ताउल गावच्या सेंट क्लेमेंट चर्चमध्ये असंच एक साल होतं. 1123 मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं, ती तारीख तिथल्या खांबावर रंगाने लिहिली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या परिसरातली भित्तिचित्रं भिंतींवरून सोलून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली. विकली जाण्याच्या धोक्यातून ती वाचली, पण गावापासून तुटली. कुडलचा लेख मात्र आपल्या तुळईवरच आहे.

शेजारचं हरिहरेश्वर बराच काळ ढिगाऱ्याखाली होतं. नावाप्रमाणे तिथे हरी आणि हर, दोघांची गर्भगृहं आहेत. पुढे मधोमध आभाळाला खुला असलेला स्वर्गमंडप. 1999 च्या उत्खननात इथेच बहुमुखी शिवलिंग मिळालं. एकाच पाषाणावर 359 मुखं ओळींनी कोरलेली आहेत, मूळ लिंग धरून 360. लांबून ती नुसती नक्षी वाटते. जवळ गेल्यावर एकेक चेहरा सुटा होतो आणि शेजारच्याहून त्याचे भाव वेगळे असल्याचं लक्षात येतं. ज्या कारागिरांनी हे घडवलं, त्यांनी शंभराव्या मुखालाही पहिल्याइतकाच वेळ दिला असणार.