अंगठ्याचा ब्रेक

पतंग उडवताना फिरकी कोण धरतं? घरातलं शेंडेफळ! हो की नाही? कोणी तिला फिरकी म्हणतं, कोणी चक्री. येवल्याकडे आसारी म्हणतात. वारा भरला की पतंग सरसर दोरा ओढतो आणि फिरकी हातात गरगर फिरते. मग अचानक पतंग कटतो. ओढ संपते, पण फिरकी काही लगेच थांबत नाही. ती आपली दोरा सोडतच राहते आणि पायाशी हा एवढा गुंता! दादाची बोलणी मग कोण खातं, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

मुलांनो, हा गुंता लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आमची शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या वर्गातली निम्मी मुलं रविवारी गरवायला जातात, म्हणजे गळ टाकून मासे धरायला. सामान अगदी साधं. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, एक गरी आणि शिशाचा तुकडा. एकदा चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या आजोबांकडे लाल रीळ आहे. त्याच्या आत घड्याळासारखी चाकं आहेत."

मला वाटलं, मारतोय थापा. पण संध्याकाळी त्याच्या घरी गेले तर आजोबांनी खरंच एक डबा उघडला. आत मऊ फडक्यात गुंडाळलेलं, मुठीत मावेल एवढं लाल यंत्र. आजोबा बोटीवर नोकरीला होते. बोट दुरुस्तीसाठी दक्षिण इंग्लंडातल्या एका बंदरात तीन आठवडे अडकली, तेव्हा तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी हे घेतलं होतं. नाव 'आंबासादर', बनावट स्वीडनची. या जातीच्या रिळांना मल्टिप्लायर म्हणतात.

आणि गंमत म्हणजे त्या मुलाचं 'घड्याळासारखी चाकं' हे म्हणणं अगदी बरोबर निघालं! स्वीडनमध्ये मोरुम नदीच्या काठी स्वेंग्स्ता नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1921 साली कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम यांनी खिशातली घड्याळं बनवण्याचा कारखाना काढला. पुढे तिथे टॅक्सीमीटरही बनू लागले. दुसरं महायुद्ध आलं आणि टॅक्सीमीटरना गिऱ्हाईक मिळेना. आता कारागिरांनी करायचं काय? शेजारच्या नदीत सामन मासे भरपूर. तेव्हा 1941 पासून त्याच हातांनी मासेमारीची रिळं घडवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव आबू. लाल आंबासादर आलं ते 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या कारागिराने अशी रिळं बनवली होती. तोही घड्याळजीच! नंतर तिथले मीक बंधू या कामात नावाजले. त्यांचाही धंदा घड्याळं आणि दागिन्यांचा. बारीक दात्यांची चाकं हुबेहूब जुळवणं घड्याळजीशिवाय कोणाला जमणार होतं?

पण मासे धरायच्या रिळाला दातेरी चाकं कशाला? आजीचा चरखा आठवा, निदान चित्रातला. मोठं चाक एकदा फिरलं की चाती कितीतरी वेळा फिरते. मल्टिप्लायरमध्ये तसंच आहे. मुठीचा एक फेरा मारला की दोरा गुंडाळायचा रूळ तीन ते पाच फेरे घेतो. फेऱ्यांचा गुणाकार होतो, म्हणून मल्टिप्लायर. नावातच पाढा आहे बघा!

ही झाली दोरा आत ओढायची बाजू. खरी मजा, आणि खरी पंचाईत, दोरा बाहेर फेकताना. किनाऱ्यावर उभं राहून लांब फेक करायची असेल तर एक खिटी दाबून रूळ मोकळा करतात. आता त्याला धरून ठेवतो तो फक्त अंगठा. काठी जोरात फिरवायची, नेमक्या क्षणी अंगठा उचलायचा. शिसं सुटतं, दोरा ओढत नेतं आणि रूळ फिरू लागतो.

किती वेगाने? पाटी-पेन्सिल घ्या. समजा, शिसं सेकंदाला 36 मीटर वेगाने सुटलं. म्हणजे ताशी साधारण 130 किलोमीटर, चांगल्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू म्हणा ना. रुळाचा घेर 12 सेंटिमीटर धरू. एका फेऱ्यात 12 सेंटिमीटर दोरा सुटतो, तर 36 मीटर सुटायला किती फेरे? तीनशे! एका सेकंदात तीनशे फेरे, म्हणजे हा वेग टिकला तर मिनिटाला अठरा हजार. आपल्या डोक्यावरचा पंखा मिनिटाला तीनचारशे फेऱ्यांवर दमतो.

आता तुमची फिरकी आठवा. हवेच्या विरोधाने शिसं हळूहळू मंदावतं. पण रूळ मंदावत नाही. एकदा वेग घेतलेली वस्तू आपण होऊन थांबत नाही, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. शिशाला लागतो त्याहून जास्त दोरा रूळ सोडत जातो. तो दोरा फुगून वर येतो, उलटा अडकतो, आणि क्षणार्धात चिमणीचं घरटं तयार. सोडवायला अर्धा तास.

म्हणून गेली दोनशे वर्षं या रिळाच्या कारागिरांपुढे एकच प्रश्न आहे. पळणाऱ्या रुळाला आवरायचं कसं? पण फार आवरलं तर फेकच जात नाही.

पहिला आणि सगळ्यात जुना ब्रेक म्हणजे अंगठा. रुळावर पिसासारखा टेकवायचा. दुसरा उपाय तेलाचा. धारव्यांत (म्हणजे बेअरिंगमध्ये, आमचा सायकलवाला 'बेरिंग' म्हणतो) जरा दाट तेल घातलं की रूळ आळसावतो. तिसरा उपाय मला फार आवडला. आजोबांनी रीळ वर्तमानपत्रावर उघडलं तेव्हा रुळाच्या आसाजवळ दोन बारीक काड्या दिसल्या, त्यांवर मण्यासारखे दोन ठोकळे. जत्रेतल्या चक्रीपाळण्यात बसल्यावर आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना? तसे रूळ जोरात फिरला की हे ठोकळे बाहेर सरकतात आणि कडेच्या कड्याला घासतात. वेग जास्त तर घासणं जास्त. वेग उतरला की बिचारे गप्प.

चौथा उपाय इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी आपापल्या घरी या जुन्या रिळांत केला, तो लोहचुंबकाचा. तुम्ही म्हणाल, "बाई, रूळ तर ॲल्युमिनियमचा. त्याला चुंबक चिकटतच नाही!" खरं आहे. पण चुंबकाजवळून ॲल्युमिनियम वेगाने फिरलं की त्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. कुठे काही घासत नाही, तरी ब्रेक लागतो. जुन्या विजेच्या मीटरमध्ये काचेआड एक चकती सावकाश फिरताना दिसायची, आठवते? आईबाबांना विचारा. तीही ॲल्युमिनियमची असे आणि तिलाही चुंबकच आवरून धरत असे.

आता एक शहाणा प्रश्न. एवढा त्रास, तर हे रीळ वापरायचं कशाला? दुसरं सोपं रीळ नाही का? आहे. 1905 साली इल्लिंगवर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात रूळ फिरतच नाही, नुसता दोरा कडेवरून घसरत सुटतो. नवशिक्याला तेच बरं, असं माझंही मत आहे. पण मल्टिप्लायरवाले हट्टी. ते सांगतात, याचा दोरा सरळ येतो, वळत नाही. विहिरीच्या रहाटासारखं जड ओझं हे सहज ओढतं. शिवाय शिसं किती वेगात चाललंय ते अंगठ्याला कळत राहतं. अमेरिकेत ऑटो हेन्झे यांनी 1932 साली फिलाडेल्फियात पेन नावाची कंपनी काढली. तिचं 'स्क्विडर' हे रीळ तिकडच्या किनाऱ्यांवर असंच लाडकं झालं. ही जुनी रिळं उघडता येतात, झिजलेलं चाक बदलता येतं, म्हणून त्यांतली कितीतरी अजून चालू आहेत.

आजोबा इंग्लंडात एका रविवारी चेसिल बीचवर गेले होते. वाळूच नाही तिथे, मैलोन्‌मैल नुसते गोटे! पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे आणि पूर्वेकडे पोर्टलंडला मुठीएवढे. रात्रीच्या अंधारात नाव लागली तर जुने कोळी गोटा चाचपून आपण कुठे आहोत ते ओळखत, असं म्हणतात. तिथे एका म्हाताऱ्या मासेमाराने आजोबांना फेकायला शिकवलं. दीडशे ग्रॅमच्या आसपासचं शिसं, बारा फुटी काठी. गवताच्या मैदानावरच्या स्पर्धांत पट्टीचे लोक 200 मीटरच्याही पुढे फेकतात. पण किनाऱ्यावर आमिषासकट शंभर मीटर गेलं तरी पुष्कळ.

त्या म्हाताऱ्याचा पहिला धडा मात्र लांब फेकण्याचा नव्हता. फेकताना दोऱ्यावर येणारा हिसका फार मोठा असतो. म्हणून बारीक दोऱ्याच्या पुढे काही मीटर जाड दोरा जोडतात. त्याला शॉक लीडर म्हणतात. हिशेब असा : शिशाच्या दर औंसाला, म्हणजे 28 ग्रॅमला, दहा पौंड ओढ सोसणारा दोरा हवा. पाच औंसाला पन्नास पौंडांचा. आणि फेकणाऱ्याच्या मागे, बाजूला, पुढे कोणी उभं राहायचं नाही. दोरा तुटला तर ते शिसं म्हणजे बंदुकीची गोळी.

एका रविवारी सकाळी आजोबांनी मला फेकायला दिलं. दहाबारा मुलं जमली होती. आजोबांनी त्यांना ओरडून सुरूच्या झाडांपर्यंत मागे पिटाळलं. मला जरा रागच आला. मुलांना बघू दे की! मी काठी फिरवली. अंगठा उचलला, पण परत टेकवायचं विसरले. रुळावर घरटं फुगलं, दोरा गच्चकन अडकला आणि 'फट्' असा आवाज झाला. जाड दोरा धड होता, त्याच्या गाठीमागचा बारीक दोरा तुटला. शिसं समुद्राकडे गेलंच नाही. तिरकं किनाऱ्यावरून गेलं आणि बऱ्याच लांब ओल्या वाळूत घुसलं. पाच मिनिटांपूर्वी मुलं त्याच बाजूला बसली होती.

माझे हात थरथरत होते. मुलं मात्र टाळ्या वाजवत होती, त्यांना तो विनोद वाटला.

आजोबा रागावले नाहीत. वाळूत बसून त्यांनी गुंता सोडवला, तुटका दोरा फेकला, गाठ नव्याने मारली. मग रिळाच्या बुडाशी कोरलेला आकडा मुलांना दाखवला : 760800. "ही याची जन्मतारीख. 76 म्हणजे 1976 साल, 08 म्हणजे ऑगस्ट महिना." शेवटचे दोन आकडे बनावटीचे. पोरांनी लगेच वजाबाकी सुरू केली. रीळ आपल्या बाईंपेक्षा मोठं आहे, हे कळल्यावर तर विचारूच नका.

दुपारपर्यंत मी आणखी सहा वेळा फेकलं, निम्म्या जोराने. मुलं सुरूखालीच होती, या वेळी मीच त्यांना तिथे थांबवलं होतं. चार गुंते झाले. सहाव्या वेळी शिसं जेमतेम चाळीस पावलांवर पडलं, पण रूळ अंगठ्याखाली मऊपणे थांबला. एकही वेटोळं सुटलं नाही. आजोबांनी मान हलवली, रीळ माझ्या हातून घेतलं आणि गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने त्याचं मीठ पुसायला बसले.