‘श्यामची आई’ : वाचले, पण समजले काय?

इयत्ता सातवीच्या एका वर्गास भेट दिली असता तेथील गुरुजींनी समाधानाने सांगितले, की मुलांचे ‘श्यामची आई’ संपूर्ण वाचून झाले आहे. मी विचारले, “आईने श्यामला शिंपटीने का मारले?” सारे हात वर झाले. “पोहायला जात नव्हता म्हणून.” “भाजी कशी झाली होती?” “अळणी!” मग मी विचारले, “ही हकिकत कोण सांगत आहे आणि कोणाला?” वर्ग स्तब्ध झाला. अखेर एक मुलगा धीर करून म्हणाला, “साने गुरुजी, आम्हाला.”

हे उत्तर अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु प्रौढ झालेला श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आपल्या बालपणीच्या आठवणी सांगत आहे, आणि म्हणूनच प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे, ही गोष्ट त्या वर्गात कोणाच्याही ध्यानी आली नव्हती. ही बाब किरकोळ नव्हे. शिंपटीचा मार खाणारा मुलगा निराळा आणि पुढे ती आठवण सांगणारा पुरुष निराळा. मुलाला त्या वेळी आई कठोर वाटते. सांगणाऱ्याला तिचा हेतू उमगलेला आहे, आणि सांगताना ती हयात नाही हेही तो जाणतो. या दोन नजरांमधील अंतर ज्याला जाणवले नाही, त्याच्या हाती या पुस्तकातून काही प्रसंग आणि थोडा उपदेश एवढेच लागते. या पुस्तकाचा बराचसा भाग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला गेला, हे मुलांना अवश्य सांगावे. घरापासून दूर असलेला माणूस आईला आठवत आहे, हे चित्र त्यांच्या मनाला चटकन भिडते.

तपशिलाचे प्रश्न विचारूच नयेत असे नाही. मूल पुस्तकावरून नजर फिरवून गेले की त्याने खरोखर वाचले, एवढे त्यावरून कळते. तेही पूर्णपणे नाही. आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहिलेले मूल पुस्तक न उघडताही अशी पुष्कळ उत्तरे देऊ शकते. म्हणून तपशिलाचा प्रश्न हा उंबरठा समजावा. ‘भाजीत काय घालायचे राहिले होते?’ येथे थांबू नये. ‘वडिलांनी जेवताना मीठ मागितले असते, तर आईला काय वाटले असते?’ असे विचारावे. याचे उत्तर पाठ करून येत नाही. मुलाला क्षणभर वडिलांच्या पाटावर बसावे लागते, मग आईच्या जागी चुलीपाशी उभे राहावे लागते.

येथे एक सावधगिरी सांगतो. मी एकदा भर वर्गात विचारून बसलो, “तुमच्या घरी अळणी भाजी झाली तर काय होईल?” मुले हसली. एक मुलगी मात्र खाली मान घालून म्हणाली, “ताट फेकतात.” माझ्या प्रश्नाने तिला सर्वांदेखत घर उघडे करावयास लावले, याची मला आजही खंत वाटते. वडिलांच्या मौनाचे मोल त्या वर्गात तिच्याइतके कोणालाच कळले नसेल. तेव्हापासून वर्गात प्रश्न पुस्तकातील माणसांविषयीच विचारावा, मूल आपण होऊन घरचे बोलले तर एकांतात ऐकावे, असा मी नियम केला आहे.

दुसरी अडचण शब्दांची. पुस्तकातील घर कोकणातले आणि जुन्या काळचे आहे. पत्रावळ लावणे म्हणजे काय, हे पोलादी ताटात जेवणाऱ्या मुलाला कसे कळावे? तो शब्द वाचतो, अर्थ ओलांडून पुढे जातो, आणि आपण त्यास वाचनात कच्चा ठरवितो. अशा वेळी शब्दार्थ फळ्यावर लिहिण्यापेक्षा चार पाने व काड्या वर्गात आणाव्यात. अर्ध्या घटकेचे काम आहे.

आता लिहून घेण्याविषयी. प्रश्नोत्तरांच्या वह्या तपासण्यात आपला वेळ फार जातो आणि एकाचेच उत्तर वीस वह्यांत उतरलेले आढळते. त्याऐवजी मुलाला एक ‘रात्र’ पुस्तक मिटून सांगावयास लावावी. काय गाळतो, कशावर रेंगाळतो, कोणाची बाजू घेतो, हे ऐकावे. तो आपल्या बोलीत सांगू लागला तर मुळीच अडवू नये. मी शिक्षक असताना अडखळत वाचणाऱ्या एका मुलास फार कमी गुण दिले होते. पुढे शाळेमागे धाकट्या भावाला तीच गोष्ट तो घरच्या बोलीत सांगत असलेला मी ऐकला. थोरल्या श्यामला कोठे वाईट वाटते, तेथे त्याचा आवाज आपोआप उतरत होता. गुण मात्र तोवर पत्रकात चढून गेले होते.

एका तासाला दोन किंवा तीनच मुलांचे ऐकणे होते. तीस मुलांच्या वर्गास दहा ते पंधरा तास लागतील, ते दोन महिन्यांवर पसरावेत. ज्याचे ऐकले त्याच्या नावापुढे गुणांऐवजी एक वाक्य लिहून ठेवावे. पुढील भेटीत मी ती वही पाहीन.