मैदानाकाठचा खड्डा

खेळाच्या इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत लिहिली जातात. गोल अडविणाऱ्याच्या वाट्याला एखादी ओळ आली तरी पुष्कळ. आज आम्ही अशाच एका अडविणाऱ्याची ओळख करून देणार आहोत. त्याचे नाव डोनाल्ड कोलमन.

कोलमनचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील रेंटन या लहानशा गावी झाला. गाव लहान, पण फुटबॉलचे वेड मोठे. १८८८ साली या गावच्या संघाने स्कॉटिश चषक जिंकला, इंग्लंडच्या चषकविजेत्यांनाही हरविले आणि स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतले. त्या वेळी आमचा हा नायक जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याचे खरे आडनाव कनिंगहॅम. मुलाने फुटबॉल खेळावे हे वडिलांना रुचत नव्हते, म्हणून त्याने खेळासाठी कोलमन हे आडनाव घेतले, असे सांगतात.

त्याचा उत्कर्ष उशिरा झाला. मदरवेल संघातून बाहेर पडून १९०७ साली तो एबर्डीनला आला, तेव्हा त्याचे वय तिशीला टेकले होते. खेळाडूची उतरण जेथे सुरू व्हावी तेथे याची चढण सुरू झाली! १९१०-११ च्या हंगामात एबर्डीनने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविला आणि १९११ सालीच कोलमन प्रथम स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. चाळिशी उलटल्यावरही त्याने मैदान सोडले नाही.

हे कसे साधले? त्या काळी पाच आघाडीवीरांसमोर बचावाला दोनच 'बॅक' असत. अशा जागी नुसती धाव पुरत नाही. चेंडू कोठे येणार हे आधी ओळखावे लागते. पाय थकतात, पण डोळा मुरत जातो.

हाच मुरलेला डोळा घेऊन तो १९३१ साली एबर्डीनचा प्रशिक्षक म्हणून परतला. खेळाडू पावले कशी टाकतात, हे त्याला अगदी जवळून पाहायचे आणि टिपून ठेवायचे होते. पण एबर्डीनचे पिटॉड्री मैदान उत्तर समुद्राच्या काठी. वारा आणि पाऊस तेथे नित्याचे. कागद भिजले तर टिपणे कसली राहणार? म्हणून मैदानाकाठी, जमिनीच्या पातळीखाली, वर छप्पर असलेली बैठक त्याने करवून घेतली. खेळाडूंचे पाय नजरेच्या टप्प्यात आले, वही कोरडी राहिली आणि मागच्या प्रेक्षकांची दृष्टीही अडली नाही. फुटबॉलमधील पहिला 'डगआउट' तो हाच, असे मानले जाते. पुढे अन्य संघांनी त्याचे अनुकरण केले.

१९४२ साली कोलमन वारला. आज सामना पाहताना आपली नजर चेंडूमागे धावते, ते योग्यच आहे. पण एखादे वेळी ती मैदानाकाठच्या त्या बैठकीकडेही वळवावी. वडिलांपासून नाव लपविणाऱ्या एका मुलाची ती खूण आहे. पाहणे हेही खेळण्याइतकेच कष्टाचे काम आहे, हे त्याने ओळखले होते.