बेस्टचं तिकीट आणि आपला हिशेब

मुंबईचा प्रवास म्हटलं की आधी लोकल आठवते. पण लोकल स्टेशनावर सोडते. तिथून पुढे कामाचं घर, दवाखाना, पोराची शाळा, हे तुकडे जोडते ती लाल बस.

सुरुवात झाली घोड्यांच्या ट्रामने, १८७४ मध्ये. कुलाबा ते पायधुणी, भाडं तीन आणे. तेव्हा ते थोडं नव्हतं! १९०७ मध्ये ट्राम विजेवर आली. पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. हा सगळा कारभार खासगी कंपनीचा. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, तो महापालिकेकडे आला. ट्राम १९६४ मध्ये थांबली. बस मात्र वाढत वाढत ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत पोचली.

२०१९ मध्ये किमान भाडं आठावरून पाच रुपयांवर आणलं होतं. मे २०२५ मध्ये ते दहा झालं. बेस्ट तोट्यात आहे, हे खरंच. पण बस बदलली की नवं तिकीट लागतं, आणि बस बदलत फिरणाऱ्यांत आपण बायकाच जास्त दिसतो. जाताना दोन, येताना दोन बस घेणाऱ्या बाईचे रोजचे वीस होते, ते चाळीस झाले. सव्वीस दिवसांचे पाचशे वीस रुपये जादा.